राहणाऱ्याचा मोबाईल आधी

गेल्या आठवड्यात माझा मोबाईल चार्जिंगला त्रास द्यायला लागला. घ्यायचा, सोडायचा. वायर जरा वाकडी धरली की घ्यायचा, हात काढला की पुन्हा सोडायचा. मी कामाची बाई, वायर धरून बसायला मला वेळ नाही. म्हणून स्टँडसमोर नवीन झालेल्या एका दुकानात गेले. तिथल्या माणसाने मोबाईल हातात घेतला न घेतला तोच मागचं झाकण उचकटलं, आत बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काकू, बोर्ड गेलाय. नवीनच घ्या."

म्हणलं, अरे बाबा, तू मला एक तरी प्रश्न विचारलास का? कुठं लावते, कशाने लावते, काही?  मी मोबाईल उचलला, घरी आले, देवासमोरची विझलेली उदबत्तीची काडी घेतली, ब्लेडने तासून चपटी केली आणि चार्जिंगच्या तोंडात घालून हळूच ओढली. ज्वारीच्या दाण्याएवढा धाग्यांचा गोळा बाहेर आला. वायर लावली तशी टक्कन बसली. चार्जिंग सुरू झालं. आणि मी तिथंच खाली बसून रडत राहिले.

मोबाईल नीट झाला म्हणून कुणी रडतं का? मी रडले. ती काडी मला अंकुशभाऊने शिकवली होती.

वडवणीत एका पत्र्याखाली आमची दोन दुकानं होती. इकडं माझं फॉल-पिकोचं, तिकडं अंकुशभाऊचं मोबाईल रिपेरिंगचं. मधे प्लायवूडची भिंत. त्याच्याकडं कुणी खोकललं तरी मला ऐकू यायचं, आणि माझ्या मशीनची टकटक त्याच्या डोक्यात जायची. "ताई, जरा दम घेऊ द्या तिला," असं तो भिंतीवर टिचकी मारून म्हणायचा. वयाने माझ्याहून धाकटा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची. तो मला शेवटपर्यंत अहो ताईच म्हणाला.

उंचीला बेताचा, अंगाने काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि शर्टाच्या खिशात कायम सात-आठ उदबत्तीच्या काड्या. नवीन माणसाला वाटायचं, लई देवभक्त दिसतोय. देवळात मी त्याला कधी पाहिला नाही. उदबत्ती जळून खाली जी बांबूची काडी उरते, ती तो सगळ्या गल्लीतून गोळा करायचा. ती तासायची आणि तिने मोबाईलच्या तोंडातला कचरा काढायचा. एकदा मीच शहाणपणा करून मशीनची सुई पुढं केली, तर असा ओरडला जशी काय मी कुणाच्या डोळ्यात सुई घालत होते.

"अवो ताई, काय करता! आत जीभ असती त्याला. लोखंड लागलं की मोडती. मंग बसा बोंबलत."

तेव्हापासून मी चार्जिंगच्या भोकाला तोंड आणि आतल्या पट्टीला जीभच म्हणते.

स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायचा म्हणजे त्याला कमीपणा वाटायचा. आधी प्रश्न. "होत न्हाई म्हंजे काय होत न्हाई? घेतच न्हाई, का घिऊन सोडतंय? कुठं लावता? वायर कुणाची हाय? उशाखाली घिऊन झोपता का?" गिऱ्हाईक वैतागायचं. एकदा एक जण म्हणाला, "अंकुशराव, मोबाईल दाखवायला आलोय, पोरगी न्हाई." सगळी हसली. अंकुशभाऊ नाही हसला. दुसरी वायर लावून बघितली, मग दुसरा चार्जर, मग लाईटच्या बोर्डाच्या दुसऱ्या भोकात. मग तोंडात टॉर्चचा उजेड टाकून बघितलं. मग मोबाईलमधली बॅटरी काढून काचेवर ठेवली आणि बोटाने भिंगरीसारखी फिरवली. फिरली तर फुगलीय, घासून थांबली तर चांगली. हे सगळं झाल्यावरही काही कळलं नाही तरच झाकण उघडायचं. "आधी भाईरचं बघावं. आतलं शेवटी," असं तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा.

काडीला जे काय लागून येईल ते पांढऱ्या कागदावर ठेवायचा आणि चष्मा वर करून बघायचा. गिरणीवाल्याच्या मोबाईलमधून पीठ निघायचं, गुरुजींच्या खडू, वेचणीच्या दिवसांत सगळ्यांच्याच कापूस. कागदावरून तो माणसाचा धंदा सांगायचा आणि लोक तोंडात बोट घालायचे.

एकदा एक नवरा-बायको आले. नवऱ्याने तंबाखू सोडली म्हणून बायको गल्लीभर सांगत फिरत होती. त्याच्या मोबाईलमधून काडीला काय आलं असेल? चांगली चिमूटभर तंबाखू. बायको कागदावर वाकून बघायला लागली, तेवढ्यात अंकुशभाऊने फुंकर मारली. "काय न्हाई, वयनी. भुसा हाय. कडब्यात पडला असंल." तो माणूस नंतर कधीही स्टँडवर उतरला की आधी चहा घेऊन ह्याच्याकडं यायचा. मी भिंतीपलीकडून म्हणलं, "खोटारड्या!" तर म्हणाला, "ताई, मोबाईल चालू करायचा असतो. संसार बंद करायचा नसतो."

असा हा माणूस. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही त्याला शिव्या द्याल. मी पण मनात दिल्या.

दसरा झाला की आमच्याकडची गावं निम्मी रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कुणी खाली कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात, ते पाडव्याच्या आसपास परत. निघायच्या आधी सगळे मोबाईल नीट करायला यायचे. त्या पंधरा दिवसांत अंकुशभाऊच्या दुकानापुढं उभं राहायला जागा नसायची. आणि हा पठ्ठ्या जाणाऱ्याचा मोबाईल हातातच घ्यायचा नाही.

"घरी कोण ऱ्हातंय?"

"म्हातारी ऱ्हाती, काका. पोरं हायत दोन."

"मंग तिचा आण. तुजा नंतर."

"अवो, म्हातारीला काय करायचाय? ती कुणाला करतीय फोन?"

"ती करत न्हाई बे. तू करणार. तुजी बायको करणार. तिकडून केला आन हिकडं वाजलाच न्हाई, तर काय करशील? जा, राहणाऱ्याचा मोबाईल आधी."

माणूस चरफडत गावी जायचा आणि म्हातारीचा बटणांचा मोबाईल घेऊन यायचा. चरफडला तरी यायचा.

हे वेड त्याला कावून लागलं, ते मी एकदा विचारलं. त्याचे आई-बाप ऊसतोडीचेच. सहा महिने हा आज्जीजवळ असायचा. धाकटी बहीण अंगावरची, म्हणून तिला आई बरोबर न्यायची. "एका वर्साला ती तिकडंच गेली, ताई. उसाच्या पाचटाच्या कोपीत, त्या झोपडीत. ताप होता म्हणं. फोन न्हवते तवा. आमाला बारा दिसांनी कळलं. त्या बारा दिसांत आज्जी तिच्यासाठी रोज शेंगा भाजून फडक्यात बांधून ठेवायची, आज येतील उद्या येतील म्हणून." एवढं बोलून त्याने काडी तासायला घेतली. मी पण मशीन सुरू केली. 

त्याच हंगामात गयाबाई नावाची एक म्हातारी तिसऱ्यांदा आली. लेक-जावई उसाला गेलेले, नात हिच्याजवळ. म्हणाली, "तुज्याकडं व्हतंय रं बाबा. घरी गेलं की न्हाई व्हत." दुसऱ्या कुणी म्हातारीला वेड्यात काढली असती. अंकुशभाऊने भर बाजाराच्या दिवशी शटर ओढलं, म्हातारीला मोपेडवर मागं बसवलं आणि तिच्या घरी गेला. दुपारी परत आला तो थेट माझ्याकडं.

"ताई, लाईटचा बोर्ड माझ्या डोक्याएवढा उंच हाय. खाली फळी न्हाई, काय न्हाई. मोबाईल वायरीला लटकतोय दिवसभर बिचारा. वजनानं पिन ढिली झाली. तिचा न्हाई, घराचा फाल्ट हाय." मग टेबलावर बोटाने मापं काढून दाखवली. "एवढी पिशवी शिवा. वर एक बंद ठिवा, खिळ्याला अडकवायला."

मी ब्लाऊजपीसच्या उरलेल्या तुकड्याची पिशवी शिवली. ती त्याने गयाबाईच्या बोर्डाशेजारी ठोकली. मोबाईल पिशवीत बसला, वायर सैल पडली, चार्जिंग व्हायला लागलं. झालं! तिथून पुढं माझ्या मागं ही एक चाकरीच लागली. दर हंगामाला पन्नास-साठ पिशव्या. लाल, हिरव्या, जरीच्या, असतील तशा. मोपेडच्या डिकीत हातोडी आणि खिळे, आणि हा गावोगाव बोर्ड बघत हिंडतोय. लोक म्हणायचे, ह्याचं एक चाक ढिलं आहे. पण कुणाच्याही घरात शिरलं आणि बोर्डाजवळ माझी पिशवी दिसली की मला लई बरं वाटायचं.

सगळ्यांच्या घरात पिशवी होती, एक घर सोडून. ते घर आमच्या दुकानांच्या बरोबर पाठीमागच्या गल्लीत होतं, पन्नास पावलांवर. अंकुशभाऊचं स्वतःचं.

त्याला एकच मुलगी, शीतल. बारावी शिकलेली. कॉलेजला सुट्टी असली की दुकानात बसायची, मोबाईलच्या काचेवर कागद असा चिकटवायची की एक फुगा राहायचा नाही. मला काकू म्हणायची आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता खायची. तिने विकास नावाच्या पोराशी लग्न केलं. लोक म्हणतात पळून गेली. मी म्हणते पळून नाही, चालत गेली, बापाच्या तोंडावर सांगून गेली. पोरगा वाईट नव्हता. पण घर ऊसतोडीचं. लग्न झालं आणि पहिल्याच हंगामाला ती नवऱ्याबरोबर टोळीत गेली.

अंकुशभाऊला कळलं त्या दिवशी तो काउंटरवर मूठ आपटत होता. "कोयता हातातनं सुटावा म्हणून माझी हयात गेली, ताई. माझी पोर परत कोयत्यावर? त्याच कोपीत?" मग माझ्या समोर त्याने आपला मोबाईल काढला, शीतलचा नंबर ब्लॉक केला, आणि म्हणाला, "झालं. मला पोरगीच न्हवती."

मी म्हणलं, रागात बोलतोय, उतरेल. महिना-दीड महिना झाला, उतरला नाही.

त्याची बायको सुमन, फार कमी बोलणारी. तो दुकानात आला की ती घरी शीतलशी बोलायची. तिच्या साध्या मोबाईलवर. आणि तोच मोबाईल चार्जिंगला त्रास द्यायला लागला. हिच्या घरी पण बोर्ड उंच, हिचाही मोबाईल लटकलेला. ती दुकानात आली, मला सगळं ऐकू येत होतं.

"अवो, माजा मोबाईल बघा की जरा. घेतंय, सोडतंय."

"उद्या बघतो."

चार दिवसांनी पुन्हा. "अवो, बघता का?"

"उद्या."

त्याला माहीत होतं त्या मोबाईलवर कोण बोलतंय. आतल्या आत त्याला बरंच वाटत असणार, बंद पडला तर. एवढ्या वर्षांत ज्या माणसाने कुणाला दुसऱ्या दिवशी ये म्हणलं नाही, तो बायकोला रोज उद्या म्हणत होता. माझ्याच्याने राहवेना. भिंतीला वळसा घालून गेले. म्हणलं, "अंकुश, आख्ख्या तालुक्याच्या मोबाईलची तोंडं साफ करतोस, घरचा एक साफ करायला काय धाड भरलीय तुला?"

"ताई, तुमी मधी पडू नका."

आणि मी नाही पडले. रागाने आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही, जशी काय मोठी शिक्षाच दिली. मी तो मोबाईल सुमनच्या हातातून घेऊन स्वतः साफ करायला पाहिजे होता. काडी मला येत होती. हे मी आजही स्वतःला माफ करत नाही.

त्याच दिवसांत सुमन माझ्याकडं पिवळ्या फ्लॅनेलचं कापड घेऊन आली. मऊ, बदकांच्या चित्रांचं. म्हणाली, कडेला पिको मारून द्या, बाकी मी हाताने शिवते. मी तिच्याकडं बघितलं, तिने मान खाली घातली. "शीतलला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हाया पायजे ना, ताई. संक्रांत झाली की ह्यांना इचारते. तवर बोलू नका." मी पिको मारून दिली आणि वर एक पिशवी पण दिली, बोर्डाजवळ लावायला. तिच्या घरात खिळा ठोकणारा एकच माणूस होता, आणि त्याला सांगायची तिची हिंमत नव्हती. पिशवी तशीच घडी करून राहिली.

मार्गशीर्षातला तो दिवस. दुपारी सुमनने मोबाईल चार्जिंगला लटकवला आणि दुपटं शिवत बसली. वायर लावलेली दिसत होती, म्हणून तिला वाटलं होतंय. संध्याकाळी बघितलं तर मोबाईल बंद पडलेला, कधीचा कोण जाणे. अंकुशभाऊ घरी आल्यावर ती म्हणाली, "आता तर चालूच व्हईना. बघा की." तो जेवायला बसला होता. म्हणाला, "उद्या." हे मला नंतर सुमननेच सांगितलं, एवढंच सांगितलं, आणि त्यानंतर ती ह्या विषयावर एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुशभाऊ एका मास्तरांचा मोबाईल साफ करत होता. त्याचा फोन वाजला, अनोळखी नंबर. पलीकडून विकास बोलत होता, मुकादमाच्या फोनवरून. मला फक्त इकडचं ऐकू येत होतं. "हां, बोला." मग बराच वेळ काही नाही. मग "कवा?" 

मी उठून गेले. त्याच्या हातातली काडी तशीच होती. त्याने ती खाली ठेवली, मास्तरांचा मोबाईल पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "झालाय सर, घिऊन जा." आणि मला म्हणाला, "ताई, शटर ओढता का? माझा हात उचलत न्हाई."

शीतलला दोन दिवस ताप होता. आदल्या दुपारी टोळी उसाच्या फडात, दोघांतला एकच मोबाईल हिच्याजवळ, ही एकटी कोपीत. पोटात दुखायला लागलं, तशी तिने आईला फोन लावला. आई गाडी करून न्यायला येईल, एवढंच तिच्या डोक्यात असणार. विकास येईपर्यंत ती बेशुद्ध होती. दवाखान्यात नेली. पोर आणि पोटातलं पोर, दोन्ही गेली.

तेरावं झालं. पंधराव्या दिवशी अंकुशभाऊने दुकान उघडलं. गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवर टिचकी वाजली, म्हणून मी गेले. काउंटरवर सुमनचा मोबाईल होता. तो नेहमीसारखाच वागत होता, तेच मला बघवेना. दुसरी वायर लावली, दुसरा चार्जर लावला. तोंडात उजेड टाकला. काडी घातली. एक बारीक गोळा निघाला, तो त्याने पांढऱ्या कागदावर ठेवला आणि चष्मा वर केला.

"पिवळं हाय," तो म्हणाला. "ताई, सूत तुमाला कळतंय. कशाचं हाय हे?"

मला फुंकर मारता आली असती. त्याने त्या तंबाखूवाल्यासाठी मारली तशी. भुसा आहे म्हणायला काय जात होतं माझं? पण माझा राग अजून गेला नव्हता. आणि खोटं मला सुचलंच नाही.

"दुपट्याचं," मी म्हणलं. "सुमन बाळासाठी शिवत होती. मोबाईल मांडीवर, कापडातच ठेवायची. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं तिला. संक्रांत झाल्यावर तुला विचारणार होती."

त्याने वायर लावली. टक्कन बसली. चार्जिंग सुरू झालं, थोड्या वेळाने मोबाईल सुरू झाला, आणि मेसेज यायला लागले. मोबाईल बंद असताना कुणी फोन केला तर नंतर कळतं, ते मेसेज. टिंग. टिंग. टिंग. दोघंही मोजत होतो. एकाच नंबरचे नऊ. मग त्याने खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी उघडली आणि माझ्यासमोर धरली. शीतलचे, त्याच दुपारचे दोन फोन होते.

"आईला नऊ. मला दोन," तो म्हणाला. "मला बी केलते, ताई. तिला माहीत होतं मी ब्लॉक केलंय, तरी केलते."

मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाला, "पाच मिन्टांचं काम होतं." आणि टेबलावर डोकं ठेवून असा रडला की समोरचा पानटपरीवाला पळत आला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती शिव्या तोंडात होत्या, एकही निघाली नाही.

मोबाईल त्याने घरी नेला. सुमनने हातात घेतला नाही. त्याच्याशी ती बोलायचीही थांबली. भाकरी करायची, ताट ठेवायची, निघून जायची. कितीदा समजावलं मी तिला. ती म्हणायची, "ताई, मी काय म्हणत न्हाई त्यांना. माज्याकडं शब्दच न्हाईत."

अंकुशभाऊने दुकान सोडलं नाही. उद्या हा शब्द मात्र त्याच्या तोंडून परत कुणी ऐकला नाही. गिऱ्हाईक म्हणालं की उद्या नेतो, तरी हा अंगावर जायचा. "उद्या कावून? बसा हितं. आत्ता व्हतंय."

पुढचा दसरा आला. लाईन लागली, आणि लाईनीत विकास उभा होता.  पोरगा वाळून काटकी झाला होता. नंबर आला तसा त्याने एक बटणांचा मोबाईल काउंटरवर ठेवला. "मामा, आईचा हाय. राहणाऱ्याचा."

अंकुशभाऊने काडी घेतली. तोंड साफ केलं, वायर लावून बघितली. मग विचारलं, "तिकडं कोपीत तुमी चार्जिंग कुठं लावता?"

"लाईट कुठली तिकडं, मामा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावतो. न्हाईतर दोन कोस चालून टपरीवर ठिवतो."

"मंग आजारी माणसाच्या हातात मोबाईल ऱ्हातो का?"

विकास खाली बघत म्हणाला, "शीतलच्या हातात होता, मामा. टपरीवर जाऊन मी आदल्या दिशी फुल करून आणलता."

त्या रात्री काय झालं मला माहीत नाही. सकाळी अंकुशभाऊ माझ्याकडं आला आणि सुमनला वर्षापूर्वी दिलेली पिशवी दाखवली, अजून घडी न मोडलेली. "हातोडी घिऊन जातो, ताई. घरच्या बोर्डाला लावायचीय."  थोड्या वेळाने मागच्या गल्लीतून ठोकल्याचा आवाज आला. एक खिळा, पण तो बराच वेळ ठोकत होता. परत आला आणि दुकानातलं सामान खोक्यात भरायला लागला. सोलरची एक पाटी, एक जुनी मोठी बॅटरी, वायरी, काड्यांचा जुडगा.

"कुठं निघालास?"

"टोळीत."

"कोयता घेणार?"

"न्हाई. कोयता मला झेपायचा न्हाई. तिकडं कोपीत सगळ्यांचे मोबाईल चार्ज करीन. आजाऱ्याचा आधी." मग हळूच म्हणाला, "घरात मी असलो की ती बोलत न्हाई, जेवत न्हाई. मी जाणाऱ्यातला, ताई. आता ती राहणारी."

तो गेला तो तिकडंच राहिला. टोळ्या पाडव्याला परत येतात, हा येत नाही. एका कारखान्याच्या गावात पत्र्याचं छोटं दुकान टाकलंय असं विकास सांगतो. रोज दुपारी चार वाजता मागच्या गल्लीत सुमनचा मोबाईल वाजतो, त्याचाच फोन. मी मशीन थांबवते. सुमन तो उचलत नाही. मी एकदा मुद्दाम त्या वेळेला तिच्याकडं जाऊन बसले. पिशवीत मोबाईल वाजत होता आणि ती दाराच्या चौकटीला धरून त्याच्याकडं बघत उभी होती. वाजायचा थांबला तसं तिने जवळ जाऊन पिन दाबून नीट बसवली. म्हणाली, "ढिली ऱ्हाते कधी कधी." नव्वद टक्के चार्ज होता, तरी लावला.

मी अंकुशभाऊला शेवटचा पाहिला तो त्या निघायच्या दिवशी. टोळीचा ट्रक आमच्या दुकानापुढं थांबला होता. वर गाठोडी, भांडी, बाया, लेकरं. विकासने त्याची बॅटरी वर घेतली आणि हात खाली दिला, "चला, मामा." अंकुशभाऊ म्हणाला, "थांब, एकदा बघू दे." माझ्या पत्र्याखाली उभं राहून त्याने मोबाईल काढला, नंबर लावला आणि कानाला धरला. मागच्या गल्लीत रिंग वाजायला लागली. त्याला कानात ऐकू येत होती आणि मला पत्र्यावरून. पूर्ण वाजली. कुणी उचलला नाही.

मी म्हणलं, "उचलेल रे कधीतरी."

"न्हाई उचलला तरी ऱ्हाऊ द्या, ताई. वाजला ना." शर्टाच्या बाहीने चष्मा पुसत तो ट्रकवर चढला.

ट्रक हलला. चौकातून वळेपर्यंत तो मला दिसत होता, गाठोड्यांवर बसलेला, मांडीवर बॅटरी. त्याने पुन्हा मोबाईल कानाला लावला. ट्रक वळला, दिसेनासा झाला, आणि माझ्या पाठीमागच्या गल्लीत रिंग पुन्हा सुरू झाली.